घरच्या घरी वासुदेव

सुट्टीत घरातच फॅन्सी ड्रेस करायचा असेल तर भाड्याचा पोशाख आणू नका. तो बहुतेक वेळा ढगळ असतो आणि मुलांना टोचतो. त्यापेक्षा वासुदेव करा. बाबांचा पांढरा झब्बा, कमरेला आईची ओढणी, हातात टाळ नाहीतर चिपळ्या. खरी गंमत टोपीत आहे. आधी दोऱ्याने डोक्याचा घेर मोजा, मग कार्डशीटचा उंच शंकू वळवा आणि त्यावर हिरव्या-निळ्या कागदाची मोरपिसं खालून वर, एकावर एक चिकटवत जा. आतल्या कडेला जुन्या सुती साडीची पट्टी नक्की लावा. कागदाची कड कपाळाला कापते आणि मूल दोन मिनिटांत टोपी काढून टाकतं. रंगीत कागद, इलॅस्टिक पुण्यात बोहरी आळीत मिळतं.

मुलगी असेल तर सावित्रीबाई फुले: नऊवारी, मोठं कुंकू, हातात पाटी. पाटीवर '१८४८, भिडेवाडा' (त्यांची मुलींची शाळा सुरू झाली ते साल आणि जागा) तिलाच लिहू द्या.

मग खेळ. पाठीवर पात्राचं नाव चिकटवायचं आणि फक्त 'हो-नाही'च्या दहा प्रश्नांत आपण कोण ते ओळखायचं. आजी-आजोबांनाही घ्याच, त्यांचे प्रश्न सगळ्यांत भारी असतात.