उदास ज्येष्ठांसाठी खुर्चीवरचा व्यायाम: घरच्यांनी कसा करून घ्यावा

"जरा फिरून या, बरं वाटेल" असं सांगून नैराश्यातल्या आजोबांना उठवता येत नाही. या आजारात उत्साह आधी येत नाही. अंग हलायला लागलं की काही आठवड्यांनी मागून येतो. म्हणून सुरुवात घरातच करा. रोज दहा मिनिटं, आणि शेजारी खुर्ची टाकून तुम्हीही करा.

गोळ्या मात्र चालूच ठेवा. लॉस एंजेलिसमध्ये साठीपुढच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या गोळीने अर्धवटच बरं वाटलेल्यांना गोळीसोबत दहा आठवडे ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवला, तेव्हा नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात जास्त सुधारणा दिसली. गोळीसोबत, गोळीऐवजी नव्हे.

खुर्ची जेवणाच्या टेबलाची, जड, बिनहाताची आणि बिनचाकांची घ्या. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. तळपाय पूर्ण टेकत नसतील तर खाली पाट सरकवा. मोजे नकोत, लादीवर घसरतात.

आधी पुढे सरकून ताठ बसवा. टाचा उचला, टेकवा. दहा वेळा, आकडे मोठ्याने म्हणत. बोलताना श्वास रोखला जात नाही, आणि श्वास रोखला की रक्तदाब चढतो. मग श्वास घेत दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत आणा, सोडत खाली. घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा, आठ वेळा. दम लागला तर तीन आणि चार करा. खांदा आखडला असेल तर कोपर वाकवून छातीपर्यंतच.

खरा गाभा पुढे आहे. उठण्याआधी अर्धा मिनिट पाय हलवू द्या. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते. खुर्ची फिरवून तिची बसायची बाजू भिंतीकडे करा. मग त्यांना खुर्चीमागे उभं करून दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवायला सांगा, गुडघे किंचित सैल. आता वजन सावकाश उजव्या पायावर, मग डाव्यावर. टाच उचलायची नाही. भार कुठे आला, अंगठ्याखाली की टाचेवर, हे त्यांना बोलून दाखवायला लावा. एका बाजूला सहा वेळा. लक्ष तळव्यात गुंतलं की मनातलं तेच ते दळण तेवढा वेळ थांबतं, आणि तोलही सुधारतो. घाई झाली तर हे सगळं वाया जातं. शेवटी खुर्ची पुन्हा भिंतीला टेकवा आणि बसून पाच वेळा हलकी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं.

डोळे उघडेच हवेत. नजर तुळशीच्या कुंडीवर चालेल. शवासनाची घाई नको, कारण उदास मन त्या शांततेत जुनंच उगाळत बसतं. काचबिंदू, हर्निया, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) टाळा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकणं नको, मणका दबू शकतो. छातीत दुखलं तर लगेच थांबा.

पहाटेचा हट्ट धरू नका. अनेकांना सकाळच सर्वांत जड जाते. अकरा किंवा पाचची वेळ बघा. एखाद्या दिवशी नको म्हणाले तर फक्त टाचा उचलायला सांगा, पण खंड पडू देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण त्यांनाच करू द्या.

जेवण सुटलं, "मी ओझं झालोय" किंवा "जगावंसं वाटत नाही" असं बोलणं सुरू झालं, तर व्यायाम बाजूला ठेवा. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतूनही चालतो.

तीन-चार आठवडे जमले की वीस मिनिटं करा आणि बाहेर पडा. ठाण्यात कचराळी तलाव, वाशीत मिनी सी-शोअर. हास्यक्लबला लगेच नेऊ नका. हसायची सक्ती या काळात फार जड जाते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर नुसतं बसणं पुष्कळ. पावसाळ्यात फरशांवर शेवाळ धरतं, तेव्हा चार महिने पुन्हा तीच भिंतीजवळची खुर्ची.