स्विचवर एसीएल लावताना नव्यांनी काय जपावं

इंदुरात नेटवर्कचं पहिलं काम पिथमपूरच्या कारखान्यात मिळो, देवास नाक्याच्या गोदामात मिळो की भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये; स्विच तिथे आधीच बसलेला असतो आणि व्हीलॅनही (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्क) पाडलेले असतात. मग एक दिवस सांगतात, कॅमेऱ्यांच्या नेटवर्कमधून अकाउंट्सच्या कॉम्प्युटरपर्यंत कुणी पोचता कामा नये. हे काम एसीएलचं, म्हणजे कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं ते सांगणाऱ्या यादीचं. हे एकच काम नीट केलं तर एसीएलचा निम्मा अभ्यास होतो. खालच्या कमांड सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या आहेत.

समजा व्हीलॅन १० म्हणजे अकाउंट्स, व्हीलॅन ३० म्हणजे कॅमेरे (१९२.१६८.३०.०, मास्क /२४) आणि त्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर १९२.१६८.५०.२० वर आहे. राउटिंग, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पॅकेट नेणं, लेअर ३ स्विच करतो.

सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. साइटवर 'अंदर' आणि 'बाहर' असं बोललं जातं, पण कुणाच्या अंदर? उत्तर नेहमी एकच: स्विचच्या. इंटरफेस व्हीलॅन ३० (स्विचच्या राउटिंगकडे जाणारा त्या व्हीलॅनचा दरवाजा) वर 'इन' म्हणजे कॅमेऱ्याकडून निघून स्विचच्या राउटिंगमध्ये शिरणारं पॅकेट. 'आउट' म्हणजे राउटिंग होऊन कॅमेऱ्यांकडे जाणारं. स्वतःला स्विचच्या जागी ठेवून बघा, मग चूक होत नाही. कॅमेऱ्यांना अडवायचं आहे, म्हणून यादी 'इन'ला लावायची.

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्सटेंडेड कॅमेरा-इन
१० परमिट यूडीपी एनी ईक्यू ६८ एनी ईक्यू ६७
२० परमिट टीसीपी १९२.१६८.३०.० ०.०.०.२५५ ईक्यू ५५४ होस्ट १९२.१६८.५०.२०
३० परमिट यूडीपी १९२.१६८.३०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.५०.२० ईक्यू १२३
४० डिनाय आयपी एनी एनी

मग इंटरफेस व्हीलॅन ३० मध्ये जाऊन: आयपी ॲक्सेस-ग्रुप कॅमेरा-इन इन.

ओळ २० नीट बघा. ५५४ हा आरटीएसपीचा (कॅमेऱ्याकडून चित्र मागवण्याच्या पद्धतीचा) पोर्ट, आणि तो इथे सोर्सच्या बाजूला लिहिला आहे. कनेक्शन रेकॉर्डर उघडतो, कॅमेरा उत्तर देतो. म्हणून कॅमेऱ्याकडून येणाऱ्या पॅकेटचा सोर्स पोर्ट ५५४ असतो. नवे लोक हमखास तो होस्टच्या पुढे लिहितात आणि पडद्यावर चित्र येत नाही. एसीएलला आधीचं काही आठवत नाही, परतीच्या पॅकेटसाठीही ओळ लागतेच. ही ओळ पुरण्यासाठी रेकॉर्डरमध्ये व्हिडिओ टीसीपीवरून घेण्याची सेटिंग हवी. यूडीपीवर चित्र वेगळ्याच पोर्टवरून येतं. रेकॉर्डर कॅमेऱ्याची सेटिंग पोर्ट ८० वरून वाचत असेल तर २० सारखीच एक ओळ ८० साठी घाला. ओळ ३० घड्याळासाठी, रेकॉर्डरच वेळ देत असेल तर.

ओळ १० विसरलात तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, हा खरा त्रास. पत्ता नसलेल्या कॅमेऱ्याची डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळवण्याची) विनंती ०.०.०.० वरून निघते, म्हणून सोर्सला 'एनी' लागतं. यादी लावली तेव्हा कॅमेऱ्यांकडे पत्ते असतातच. पुढे लीज (पत्त्याची मुदत) संपत जाते तसे ते एकेक करून बंद पडतात, आणि तोवर एसीएलचा संशय कुणाला येत नाही.

यादी वरून खाली वाचली जाते, पहिली जुळलेली ओळ लागू होते. शेवटचा डिनाय न लिहिताही असतोच; तरी लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाला हेतू कळतो. वाइल्डकार्ड (वरच्या ओळींतल्या ०.०.०.२५५ सारखा उलटा मास्क) काढायला मास्कचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करा: /२६ चा ०.०.०.६३.

यादी लावल्यावर रेकॉर्डरवरून कॅमेऱ्याला पिंग लागणार नाही. घाबरू नका, उत्तर अडतंय. हवंच असेल तर ३५ क्रमांकाने आयसीएमपी एको-रिप्लायची (पिंगच्या उत्तराची) ओळ मध्ये घाला. क्रमांकांत दहादहाची जागा याचसाठी असते.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. ही यादी फक्त राउट होणाऱ्या ट्रॅफिकला लागते. व्हीलॅन ३० मधला एक कॅमेरा दुसऱ्याशी बोलला तर ते पॅकेट यादीपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी पोर्ट एसीएल (थेट स्विचच्या पोर्टवर लावलेली यादी) किंवा व्हीलॅन मॅप (व्हीलॅनच्या आतल्या पॅकेटलाही लागणारा) लागतो.

चालू यादी कधीही पुसून पुन्हा टाइप करू नका. रिकामी यादी सगळं जाऊ देते, पण पहिली ओळ पडताच शेवटचा अदृश्य डिनाय जागा होतो. तुमचं एसएसएच (दुरून स्विचवर केलेलं लॉगिन) त्याच वाटेने येत असेल तर तिथेच तुटतं, आणि मग कन्सोल केबल घेऊन पिथमपूर गाठावं लागतं. आधी इंटरफेसवरून ॲक्सेस-ग्रुप काढा, यादी बदला, मग परत लावा.

ओळ किती वेळा जुळली ते मोजणाऱ्या काउंटरवरही आंधळा विश्वास नको. सिस्कोच्या बऱ्याच कॅटलिस्ट स्विचवर पॅकेट हार्डवेअरमध्येच अडतं आणि 'शो ॲक्सेस-लिस्ट्स'मधला आकडा वाढतच नाही. खात्री दोन्ही टोकांना लॅपटॉप लावूनच करा. सरावाला पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सॉफ्टवेअरमधला ३५६० स्विच पुरतो. त्यात आधी 'आयपी राउटिंग' द्यायला विसरू नका.

साइटवर हात लावण्याआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह आहे ना ते बघा आणि 'रीलोड इन १०' द्या. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. पण त्या रीलोडमध्ये सगळं नेटवर्क काही मिनिटं बसतं, म्हणून हे काम शिफ्ट सुटल्यावर करा. चित्र दिसलं, रेकॉर्डिंग चाललं, कॅमेऱ्याच्या पोर्टला लावलेल्या लॅपटॉपवरून अकाउंट्सचा पिंग अडला, की 'रीलोड कॅन्सल' आणि त्यानंतरच 'राइट मेमरी'.