पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक : एक मिनिटाच्या ॲनिमेशनपटाचा अनुभव

हवामानबदलावर लहानसा ॲनिमेशनपट करायचा म्हटले की बहुतेक नवोदितांच्या वहीत पहिले चित्र उमटते ते घाम पुसणाऱ्या पृथ्वीचे. पुण्यात ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करताना मी हे चित्र अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला आहे : हे पाहून झाल्यावर प्रेक्षकाने घरी नेमके काय करायचे? सवयीविषयीच्या चित्रपटाचा खरा विषय म्हणजे दिवसातला तो एक क्षण, जेव्हा माणसाचा हात विचार न करता काहीतरी करतो आणि तितक्याच सहजपणे दुसरे काही करू शकतो. कोथरूडमधील एका सोसायटीसाठी आम्ही तिघांनी एक मिनिटाचा ॲनिमेशनपट केला, तेव्हा आमचा सर्वाधिक विचार हा क्षण शोधण्यातच खर्च झाला.

प्लास्टिकची पिशवी सर्वांना आधी सुचली. तिच्या निर्मितीतही उत्सर्जन होते हे खरे. परंतु पिशवीचा प्रश्न मुख्यतः कचऱ्याचा आहे, आणि हवामानाच्या चित्रपटात तो आणला की दोन्ही विषय धूसर होतात. ओला कचरा हवामानाशी थेट जोडलेला आहे, कारण हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा 25 पटींहून अधिक उष्णता अडवतो. मात्र कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्यात 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते आहे, आणि आमच्या प्रेक्षकांच्या घरी ओल्या-सुक्याचे दोन डबे आधीच होते. सायकलीचा विषय मला मनापासून प्रिय आहे. पण ज्या रस्त्यावर सायकलस्वाराला सुरक्षित जागाच नाही, तिथे अडचण सवयीची नाही, रस्त्याची आहे. तिचा भार नागरिकाच्या इच्छाशक्तीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

शेवटी आम्ही कुकर निवडला. कुकरमधील दाब पूर्ण झाला की आतल्या पाण्याचे तापमान साधारण 120 अंश सेल्सिअसवर स्थिरावते. त्यानंतर आच कितीही मोठी ठेवली तरी डाळ अधिक लवकर शिजत नाही. जास्तीची उष्णता वाफेवाटे शिट्टीतून निघून जाते किंवा कुकरच्या कडांवरून वर जाऊन स्वयंपाकघर तापवते. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा. एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे 40 किलोंहून अधिक. या विषयाचे दोन गुण चित्रपटासाठी मोलाचे ठरले. एक म्हणजे वाया जाणारी उष्णता डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणारे दाखवणे हे ॲनिमेशनचे खास सामर्थ्य आहे. दुसरा गुण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो : आठवण करून देणारा आवाज घरात आधीपासूनच आहे. आपल्याकडे वरणभाताचा वेळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात. नव्या सवयीला जुन्या आवाजाचा आधार मिळाला तर चित्रपट संपल्यानंतरही त्याचे काम चालू राहते.

संहिता लिहिताना निवेदन मोठ्याने म्हणून पाहावे आणि त्याला किती वेळ लागतो ते मोजावे. मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द सहज बसतात, तरी आम्ही त्याच्या निम्मेही वापरले नाहीत, कारण शिट्टीच्या आधीची शांतता आम्हाला हवी होती. ओट्यापाशी कोणाला उभे करायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. सूनबाई किंवा स्वयंपाकाच्या मावशींना समजावणारा आवाज आम्ही ठामपणे नाकारला, कारण रोज राबणाऱ्या बाईला पडद्यावरून उपदेश करणे योग्य नव्हते. आम्ही आजोबा आणि त्यांच्याकडे शिकायला राहिलेला नातू यांना स्वयंपाकघरात आणले. लाल सिलिंडरही चित्रातून वगळला. सोसायटीतील अनेक घरांत पाइपचा गॅस आहे आणि सिलिंडर दिसताच ‘हे आपल्यासाठी नाही’ असे त्यांना वाटले असते. बर्नर आणि निळी ज्योत मात्र प्रत्येक घरात आहे.

यानंतर नवोदितांना चित्रे रंगवण्याची घाई होते. ती आवरावी आणि आधी ॲनिमॅटिक करावे, म्हणजे स्टोरीबोर्डची, अर्थात दृश्यांच्या क्रमाने काढलेली, साधी रेखाचित्रे तात्पुरत्या आवाजासह वेळेनुसार जोडून घ्यावीत. हे मोबाइलवरही होते. आमचे ॲनिमॅटिक आम्ही सोसायटीतील काही जणांना दाखवले, आणि ‘आवडले का?’ असे न विचारता ‘यात काय घडले ते सांगा’ असे विचारले. शिट्टीतून येणारी वाफ अनेकांना धूर वाटली. तेव्हा वाफ पांढरी ठेवून वाया जाणारी उष्णता केशरी रंगाने दाखवायचे ठरले. पूर्ण रंगवलेल्या दृश्यांत हाच बदल करायचा झाला असता तर कितीतरी चित्रे पुन्हा काढावी लागली असती.

कामाचा आकार आधी समजून घ्यावा. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) आणि प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते धरले तर सेकंदाला 12 चित्रे लागतात, मिनिटाला 720. हा आकडा पाहून घाबरू नये. ज्योत आणि वाफ यांची थोडीच चित्रे काढून ती चक्रासारखी पुन्हा पुन्हा वापरता येतात, पार्श्वभूमी एकदाच रंगवायची असते, आणि आजोबा कान देऊन थांबतात तेव्हा एकच चित्र पडद्यावर राहू शकते. श्रम ठेवावेत ते नॉबकडे जाणाऱ्या हातासाठी. त्या एका हालचालीत वजन, वेग आणि थांबणे नीट आले पाहिजे, कारण प्रेक्षक नंतर तीच हालचाल स्वतः करणार आहे. कृता, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. तिन्ही थोडीथोडी शिकण्यापेक्षा एकावर हात बसवावा.

देवनागरी अक्षरांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते, आणि एकेक अक्षर पडद्यावर आणण्याच्या तयार युक्तीमुळे ‘शिट्टी’ हा शब्द वाचता येत नाही. आम्ही मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा युनिकोड फॉन्ट घेतला आणि अक्षरांऐवजी अख्खे शब्द हलवले. व्हॉट्सॲपवरून पाठवताना चित्रफीत दाबली जाते व बारीक रेषा पुसट होतात, शिवाय अनेकजण ती आवाज बंद ठेवून पाहतात. त्यामुळे रेषा जाड, अक्षरे मोठी आणि शिट्टी चित्रातूनही कळेल अशी हवी.

‘आमच्या एका कुकरने काय होणार?’ हा प्रश्न विचारला जातोच आणि तो रास्त आहे. वीजनिर्मिती, कारखाने आणि वाहतूक यांच्या उत्सर्जनापुढे एका घराचा गॅस फार लहान आहे. चित्रपटाने त्याविरुद्ध आव आणू नये. म्हणून आम्ही बचतीची टक्केवारीही लिहिली नाही, कारण ती बर्नर, कुकर आणि डाळ यांनुसार बदलते. उष्णता कुठून निसटते एवढेच दाखवले. प्रश्न विचारणाऱ्याशी खरे बोलले की तो ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

काम सोपवताना चित्र, आवाज आणि मजकूर वेगवेगळ्या स्तरांत जपून ठेवावेत, म्हणजे हिंदी आवृत्ती किंवा गणेशोत्सवातील मोठ्या पडद्यासाठी वेगळे माप पुन्हा चित्रे न काढता करता येते. नोकरीसाठी काम दाखवताना तयार चित्रपटाबरोबर ॲनिमॅटिक आणि चाचणीनंतर बदललेली दृश्येही जोडावीत. तुम्ही निर्णय कसे घेता हे काम देणाऱ्याला त्यांतूनच कळते.