शाळेच्या ग्रंथालयातून इंग्रजी वाचन : या चुका टाळा

मराठी माध्यमाच्या शाळेत जूनमध्ये सुरू झालेलं इंग्रजी अवांतर वाचन दिवाळीपर्यंत थंडावतं आणि खापर फुटतं मुलांच्या नावाने : ‘यांना आवडच नाही.’ खरं कारण बहुतेक वेळा हातात दिलेल्या पुस्तकात सापडतं.

इयत्ता पाहून पुस्तक देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नववीच्या एकाच तुकडीत कोणी सलग पान वाचतो, कोणी अजून अक्षरं जुळवत असतो. त्यामुळे पुस्तक देण्याआधी एक चाचणी घ्या. मधलं एखादं पान उघडून साधारण १०० शब्दांचा मजकूर मुलाला मनात वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. माणसांची-गावांची नावं मोजायची नाहीत. दोन बोटांपर्यंत पुस्तक घरी न्यायला योग्य. तीन ते पाच असतील तर वर्गात, शिक्षक जवळ असताना वाचावं. पाचाच्या पुढे गेलं तर ते पुस्तक आत्ता नको. शंभरात दहा शब्द अडले म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत एक अडला. मग संदर्भावरून अर्थ लावायला आधारच उरत नाही.

ही चाचणी सर्वांसमोर घेऊ नका. मुलं लाजून बोटं लपवतात.

सगळी इंग्रजी पुस्तकं एकाच रांगेत

ड्यूई दशांश वर्गीकरणात (पुस्तकांना विषयानुसार क्रमांक, म्हणजे वर्गांक, देण्याची पद्धत) इंग्रजी भाषा ४२०मध्ये आणि इंग्रजी कथा-कादंबरी ८२३मध्ये येते. नोंदीसाठी ते ठीक आहे, पण ८२३च्या फळीवर फक्त ४०० वेगवेगळे मूळ शब्द वापरून लिहिलेली सोपी गोष्ट आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीतली चारशे पानी कादंबरी शेजारी-शेजारी बसतात. मूल जाडी आणि मुखपृष्ठ पाहून निवडतं आणि फसतं. वर्गांक बदलू नका. कण्यावर, वर्गांकाच्या वर, रंगीत कागदाची पट्टी लावा. तीन रंग पुरतात. श्रेणीबद्ध (पातळीनुसार सोप्या भाषेत लिहिलेल्या) वाचनपुस्तकांवर पातळी किंवा शब्दसंख्या बहुधा मलपृष्ठावर छापलेली असते, त्यावरून रंग ठरवा. बाकीच्यांसाठी वरचीच चाचणी चार-पाच मुलांकडून करून घ्या.

तासिका देवघेवीतच संपणं

३५ मिनिटांत पन्नास मुलांची पुस्तकं जमा करून नवी द्यायला बसलं की वाचायला वेळ उरतच नाही. परत आलेली पुस्तकं आदल्या दिवशी वर्गप्रतिनिधीकडून गोळा करून नोंदवा. तासिकेला तुकडीची पेटीच वर्गात न्या. तिच्यात पटापेक्षा दहा तरी पुस्तकं जास्त हवीत, नाहीतर शेवटच्या बाकांना निवड मिळत नाही. पहिली वीस मिनिटं फक्त वाचन, देवघेव त्यानंतर. आणि कृपा करून प्रत्येक पुस्तकावर सारांश लिहून मागू नका. तो धाक बसला की मुलं पुस्तक नेणंच टाळतात.

शब्दकोश हातात देऊन मोकळं होणं

शब्द सापडत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे मूल वाक्यातलं रूप जसंच्या तसं शोधतं. छोट्या कोशात ‘स्टडीज’ स्वतंत्र मिळत नाही. शेवटचं आय-ई-एस काढून वाय लावला की ‘स्टडी’ मिळतो. ‘स्टॉप्ड’मधलं ई-डी काढलं तरी एक पी जास्त राहतो, तोही काढायचा. ‘वेंट’सारख्या अनियमित रूपांसाठी कोशाच्या शेवटी तक्ता आहे का ते आधी दाखवा.

दुसरी अडचण म्हणजे पहिलाच अर्थ उचलणं. होडी ‘बँके’ला लागली हे वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर पासबुक येतं, कारण नदीकाठ हा अर्थ पुढच्या क्रमांकावर असतो. म्हणून शब्द नाम आहे की क्रियापद हे आधी ठरवायचं, मग त्या गटातला प्रत्येक अर्थ वाक्यात बसवून पाहायचा. एका पानाला तीनच शब्द शोधू द्या. जास्त शोधले की गोष्टीचा धागा सुटतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी

काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि पान तिथेच तुटतं. मैद्याची पातळ खळ आणि पातळ, पारदर्शक कागदाची पट्टी वापरा. वर-खाली मेणकागद ठेवून पुस्तक वजनाखाली रात्रभर दाबा. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर लागते. मोरचूद विषारी असल्याने हे काम मुलांकडून करून घेऊ नका.