कंपनी कर २२ टक्के? हा आकडा वापरताना या चुका टाळा

२० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन पणजीत होत्या. तिथेच पत्रकार परिषद घेऊन त्यांनी वजावटी सोडायला तयार असलेल्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. नव्या कारखानदार कंपन्यांना तर १५ टक्केच. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला. सरकारी अंदाजाप्रमाणे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला जाणार होता. तेव्हापासून हा ‘२२’ सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि छोटे कंपनीमालक व टीव्हीवरचे चर्चक दोघेही त्यावरून घसरतात.

२२ म्हणजे २२ नव्हे

मूळ दरावर १० टक्के अधिभार आणि त्या बेरजेवर ४ टक्के उपकर धरला की खरा दर २५.१६८ टक्के होतो. उत्पन्न पाच लाख असो की पाचशे कोटी, हा अधिभार चुकत नाही. पूर्ण ३० टक्क्यांत बसणाऱ्या बड्या कंपनीचा दर ३४.९४४ होता, तिला जवळपास दहा टक्क्यांचा फायदा झाला. छोट्यांचं गणित निराळं. ४०० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना जुन्या पद्धतीतही २५ टक्केच दर आहे, आणि उत्पन्न एक कोटीपर्यंत असेल तर अधिभार नाही. म्हणजे उपकरासह २६ टक्के. चाळीस लाख उत्पन्नावर जुन्या पद्धतीने १०,४०,००० रुपये, नव्याने १०,०६,७२०. वाचले ३३,२८०. उत्पन्न तीन कोटी असेल तर मात्र जुना दर २७.८२ होतो आणि बचत आठ लाखांच्या आसपास जाते. तेव्हा ‘सगळे नव्यात जातायत’ हे कारण पुरेसं नाही.

काय सोडलं ते न मोजणं

जी चूक सगळ्यात महागात पडते ती ही. २२ टक्क्यांचा पर्याय देणारं कलम ११५बीएए स्वीकारलं की नव्या यंत्रांवरचा जादा घसारा, सेझची (विशेष आर्थिक क्षेत्राची) सवलत, संशोधन खर्चावरची विशेष वजावट आणि इतर बहुतेक वजावटी जातात. नवे कामगार घेतल्याबद्दलची ८०जेजेएए मात्र राहते. या कंपन्यांना मॅट (किमान पर्यायी कर) लागत नाही हे खरं, पण मागे साठलेलं मॅट क्रेडिटही (आधी जादा भरलेल्या मॅटची पुढच्या करातून मिळणारी वजावट) वापरता येणार नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. जादा घसाऱ्यामुळे पुढे ओढलेला तोटाही गेला. तेहतीस हजारांसाठी, समजा, बारा लाखांचं क्रेडिट सोडणं हा धंदा नव्हता. आणि एकदा पर्याय घेतला की माघार नाही. म्हणून त्या नियमात शहाणपण होतं ते आधी क्रेडिट संपवायचं, मग उडी मारायची यात. मॅटचे नियम अर्थसंकल्पागणिक हलतात, तेव्हा ज्या वर्षाचा निर्णय घेताय त्याच वर्षाचा नियम सीएकडून तपासून घ्या.

फॉर्म राहिला, आता काय?

रिटर्नमध्ये नवा दर निवडला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. १९६१ च्या कायद्याखाली त्यासाठी फॉर्म १०-आयसी वेगळा, ऑनलाइन आणि रिटर्नच्या मुदतीच्या आत भरावा लागतो. तो नसेल तर प्राप्तिकर खात्याचं बंगळुरूचं सीपीसी (रिटर्न तपासणारं केंद्र) जुन्याच दराने हिशेब करून मागणीची नोटीस पाठवतं. इतक्या कंपन्या यात अडकल्या की २०२०-२१ या कर निर्धारण वर्षासाठी मंडळाला परिपत्रक काढून ३० जून २०२२ पर्यंत फॉर्म भरायची मुभा द्यावी लागली; पुढच्या वर्षासाठीही तेच करावं लागलं. पण अट होती की रिटर्न वेळेत भरलेलं आणि त्यात पर्याय निवडलेला असावा. अशी सरसकट माफी नसलेल्या वर्षांसाठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. नोटीस आली म्हणून घाईने पैसे भरण्याआधी हा रस्ता पाहा.

दर कमी म्हणून कंपनी काढणं

भागीदारी किंवा एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) उपकरासह ३१.२ टक्के, कंपनीला २५.१६८, मग चला, प्रायव्हेट लिमिटेड करू! थांबा. भागीदाराला मिळणाऱ्या नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. कंपनीचा लाभांश मात्र एप्रिल २०२० पासून भागधारकाच्या हातात करपात्र आहे. १०० रुपये नफ्यातून कर वजा जाता ७४.८३ उरतात; ते सगळे घरी नेले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आणखी २३.३५ जातात. एकूण ४८ रुपये ५२ पैसे. नफा धंद्यातच ठेवून मशीन घेणार असाल तर कंपनी बरी. घर चालवायला दरवर्षी काढणार असाल, तर नाही.

दर उतरला की गुंतवणूक येते, हे गृहीत धरणं

सोडलेला पैसा कुठे गेला? रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालाने लिहिलं की कंपन्यांनी तो कर्जफेडीला आणि रोकड शिल्लक वाढवायला वापरला. नव्या भांडवली खर्चाचं चक्र काही फिरलं नाही. १५ टक्क्यांच्या दरासाठी उत्पादन ३१ मार्च २०२३ पर्यंत सुरू व्हायला हवं होतं. मुदत एक वर्ष वाढवली, मार्च २०२४ ला तीही संपली. अजूनही काही सादरीकरणांत ‘भारतात १५ टक्के’ छापलेलं दिसतं, ते नव्या प्रकल्पाला लागू नाही.

सिंगापूर १७, व्हिएतनाम २०, आयर्लंड १२.५ अशी यादी टाकून भारताला नापास करणंही तितकंच उथळ. मोठ्या बहुराष्ट्रीय गटांसाठी आयर्लंडनेच २०२४ पासून १५ टक्के किमान कर लावला, कारण ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या गटांसाठी किमान कराची जागतिक पातळी ठरवली गेली. ब्रिटनने तर २०२३ मध्ये दर १९ वरून २५ वर नेला. आणि दरापेक्षा परदेशी गुंतवणूकदार जे विसरत नाही ते व्होडाफोन प्रकरण: जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनी करवाद जिंकली, त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. ती तरतूद मागे घ्यायला २०२१ उजाडलं. माझ्या मते त्या नऊ वर्षांनी जेवढं नुकसान केलं तेवढं आठ टक्क्यांच्या कपातीने भरून निघालं नाही.

तिजोरीचा एकच आकडा उचलणं

कंपनी कराची वसुली २०१८-१९ मधल्या सुमारे ६.६ लाख कोटींवरून २०२०-२१ मध्ये सुमारे ४.६ लाख कोटींवर आली. ही घसरण एकट्या कपातीच्या माथी मारू नका, मध्ये कोविड होता. २०२३-२४ मध्ये वसुली ९.१ लाख कोटींवर गेली, तिचं श्रेय सगळं कपातीला देणंही तितकंच चूक. नफे वाढले, महागाई वाढली.

आणि हा त्याग फक्त केंद्राने केला, असं तर मुळीच म्हणू नका. अधिभार आणि उपकर राज्यांशी वाटले जात नाहीत, मूळ कर वाटला जातो. २०१९ ची कात्री लागली ती मुख्यतः मूळ दराला. तेव्हा वाटपयोग्य करांतला ४२ टक्के हिस्सा राज्यांचा होता, पुढे पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ केला. २०२१ ते २०२६ या काळात त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. मुंबईतल्या मुख्यालयांत कर भरला गेला तरी राज्याला मिळतो तो वित्त आयोगाच्या अशाच सूत्राने.