तंबूच्या मुक्कामी जनरेटरचा आवाज कसा कमी करावा

पवना जलाशयाच्या काठी तंबू ठोकणाऱ्यांनी जनरेटरचा आवाज कमी करण्यासाठी पहिला भरवसा अंतरावर ठेवावा, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. त्यासाठी जाड तारेची लांब वायर सोबत असावी. बारीक वायर तापते. यंत्र तंबूंपासून निदान ६ मीटर दूर, वारा तंबूंकडून यंत्राकडे वाहत असेल अशा बाजूस आणि सायलेन्सरचे तोंड पलीकडे करून ठेवावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेऊ शकतो.

पोकळ लाकडी फळीवर यंत्राची कंपने अधिक घुमतात, म्हणून खाली जाड रबरी मॅट घालावी. प्लायवूडचा आडोसा केल्यास तो यंत्रापासून मीटरभर लांब आणि वरून उघडा असावा. गोधडी टाकून यंत्र झाकणे म्हणजे आगीला आमंत्रणच. नवे यंत्र घ्यायचे असेल तर भार कमी असताना इंजिनाचा वेग आपोआप उतरवणारा इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा. दोन-चार दिवे आणि मोबाइल यांसाठी मात्र (खरे तर बहुतेकांची गरज एवढीच असते) बॅटरी पुरते, आणि रात्री दहानंतर तिच्यावरच भागवावे.