खांद्यावरचा हुद्दा ओळखताना आधी फीत बघा

आमच्या दादरच्या सोसायटीत २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला आलेल्या सुभेदार साहेबांना मी माईकवरून ‘लेफ्टनंट’ म्हणून पुकारलं. दोघांच्याही खांद्यावर दोनच तारे असतात, म्हणून गफलत झाली. साहेब काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. तेव्हापासून या क्रमाने बघतो:

१. लष्करी वर्दीत ताऱ्यांसोबत आडवी रंगीत फीत दिसते का? असेल तर एक तारा नायब सुभेदार, दोन तारे सुभेदार, अशोकस्तंभ सुभेदार मेजर.

२. फीत नसेल तर दोन तारे लेफ्टनंट, तीन कॅप्टन, नुसता अशोकस्तंभ मेजर. स्तंभासोबत एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन असतील तर कर्नल.

३. दंडावर इंग्रजी ‘व्ही’सारख्या पट्ट्या : एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार.

४. पांढरी वर्दी नौदलाची. तिथे सोनेरी पट्ट्या मोजा : दोन लेफ्टनंट, तीन कमांडर, चार कॅप्टन.

खुर्च्या मांडताना एक सांभाळा. नौदलाचा कॅप्टन हा लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा, लष्कराच्या कॅप्टनच्या नव्हे.